बेट्झेनबर्गची उतरण

18 मे 1996. लेव्हरकुसेनच्या मैदानावर हंगामातला शेवटचा सामना संपत आला होता आणि कायझर्सलाउटर्न एका गोलने पुढे होतं. तेवढी आघाडी टिकली असती तर कायझर्सलाउटर्न जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत राहिलं असतं आणि लेव्हरकुसेन खाली गेलं असतं. 82व्या मिनिटाला लेव्हरकुसेनने बरोबरी साधली. सामना संपल्यावर आंद्रेयास ब्रेमे, म्हणजे 1990च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल करणारा माणूस, प्रतिस्पर्धी संघातल्या जुन्या सहकाऱ्याच्या, रुडी फ्योलरच्या, खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला. 1963 मध्ये ही पहिली श्रेणी, म्हणजे बुंडेसलिगा, सुरू झाल्यापासून कायझर्सलाउटर्न त्या दिवसापर्यंत एकदाही खाली घसरलं नव्हतं.

फुटबॉल बघणाऱ्या प्रत्येकाला असा एखादा क्लब माहीत असतो. एके काळी दरारा असलेला, आज दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत अडकलेला. त्याच पट्ट्यातला, पूर्वी कोणी न विचारलेला दुसरा संघ मात्र वर जाऊन बसलेला असतो. चर्चा सुरू झाली की खापर ठरलेल्या डोक्यांवर फुटतं: खेळाडूंना निष्ठा राहिली नाही, पदाधिकारी नालायक, पैशाने खेळ नासला. यातलं थोडंफार खरंही असतं. पण अशा घसरणीला स्वतःचं गणित असतं, आणि ते समजून घेतलं की बरेचसे आरोप गळून पडतात. कायझर्सलाउटर्नची गोष्ट त्यासाठी फार उपयोगाची आहे.

शहर तसं लहान, लोकसंख्या लाखाच्या आसपास. जर्मनीच्या नैऋत्येला. बेट्झेनबर्ग नावाच्या टेकडीवर क्लबचं मैदान. लोक लाडाने नुसतं ‘बेट्झे’ म्हणतात. 1954 साली बर्नमध्ये हंगेरीला 3–2 हरवून पश्चिम जर्मनीने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या अकरा जणांत पाच जण या एकट्या क्लबचे होते. कर्णधार फ्रिट्झ वाल्टर त्यांच्यातलाच, आणि आज स्टेडियमला नाव त्याचंच आहे. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या देशाला मान वर करायला लावणाऱ्या त्या दिवसात या गावाचा वाटा निम्म्याच्या जवळपास होता. म्हणून तिथे क्लबची घसरण ही घरातल्या दुखण्यासारखी बोलली जाते.

आता गणित. लीगमध्ये जागा अठरा. वर आलेल्या प्रत्येक संघामागे कोणीतरी खाली गेलेला असतोच. शाळेत सगळी मुलं हुशार झाली तर सगळी पास होतात. लीगमध्ये सगळे संघ सुधारले तरी तळाचे तितकेच संघ बाहेर पडतात. त्यामुळे कायझर्सलाउटर्नने काल जितका चांगला खेळ केला तितकाच आज केला आणि शेजाऱ्यांनी थोडा अधिक चांगला केला, तर कायझर्सलाउटर्न मागे पडणार. त्यासाठी काही चुकावंच लागतं असं नाही.

त्यात फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. एका सामन्यात बलवान संघ सरासरी दीड गोल करतो आणि कमकुवत संघ एक, असं धरा. गोल तुरळक आणि एकमेकांपासून स्वतंत्रपणे होतात असं मानून प्वासाँच्या सूत्राने हिशेब केला, तर अशा 100 सामन्यांत बलवान संघ 49 जिंकतो, 26 बरोबरीत सुटतात आणि उरलेले 25 कमकुवत संघ जिंकतो. दीडपट गोल करण्याची ताकद असूनही निम्म्याहून जास्त वेळा विजय हुकतो! बास्केटबॉलमध्ये शंभरेक गुणांच्या खेळात असं सहसा होत नाही. तिथे नशिबाचे उंचवटे सपाट होऊन जातात.

हाच हिशेब 34 सामन्यांच्या हंगामापर्यंत नेला, तर मधल्या फळीतल्या संघाचे गुण निव्वळ योगायोगाने सात-आठ इकडे किंवा तिकडे सरकू शकतात. 1996 मध्ये कायझर्सलाउटर्नचे गुण होते 36 आणि वाचलेल्या लेव्हरकुसेनचे 38. त्या हंगामात कायझर्सलाउटर्न हरलं फक्त 10 सामने. 18 सामने बरोबरीत सुटले. नेमक्या त्याच हंगामापासून जर्मनीत विजयाला दोनऐवजी तीन गुण मिळू लागले होते, म्हणजे बरोबरीची किंमत विजयाच्या निम्म्यावरून एक-तृतीयांशावर आली होती. इतक्या बरोबऱ्या करणाऱ्या संघाला हा बदल किती महागात पडला असेल!

पहिला धक्का असा बरेचदा नशिबाचा असतो. प्रश्न असा की नशीब पुढे उलटतं, मग घसरण का उलटत नाही?

याचं उत्तर मला स्वयंपाकघरातल्या ओट्यावर सगळ्यात नीट समजलं. एका रिकाम्या डब्यात एक चिंचोका आणि एक लाल गुंज टाका. डोळे मिटून एक काढा. चिंचोका आला तर तो परत टाका आणि सोबत आणखी एक चिंचोका टाका. गुंज आली तर गुंजेचं तसंच. असं वीस वेळा करा. मी तीनदा केलं. पहिल्यांदा 17 चिंचोके आणि 5 गुंजा झाल्या, दुसऱ्यांदा 9 आणि 13, तिसऱ्यांदा 3 आणि 19. सुरुवात दर वेळी अगदी समसमान होती. पहिल्या चार-पाच वेळा काय हाताला लागलं त्यावर जवळजवळ सगळं ठरून गेलं. पुढे डबा आपल्या वळणाने चालत राहिला. गणितज्ञ याला पोल्याचा कलश म्हणतात. जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञाने तो 1923 च्या सुमारास मांडला. त्यातली गंमत अशी की वीस खेपांनंतर 11–11 अशी बरोबरी होण्याची शक्यता जितकी, तितकीच 21–1 होण्याची. समतोलाकडे ओढणारं त्या डब्यात काहीच नाही.

फुटबॉलमधला चिंचोका म्हणजे पैसा. जिंकलेल्या संघाला प्रक्षेपणाच्या हक्कांतून जास्त वाटा मिळतो, आणि जर्मनीत हा वाटा ठरवताना मागच्या अनेक हंगामांची कामगिरी धरली जाते. 1992 पासून चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेचा, पैसा त्यात भरीला आला. त्या पैशातून चांगले खेळाडू येतात आणि ते पुन्हा जिंकून देतात. इंग्लंडच्या क्लबांचे हिशेब तपासणारे अर्थशास्त्रज्ञ स्टीफन शिमान्स्की यांनी दाखवलं आहे की अनेक हंगामांची सरासरी काढली, तर खेळाडूंच्या पगारावरचा खर्च आणि गुणतक्त्यातलं स्थान जवळजवळ हातात हात घालून चालतात. एका सामन्यात नशीब मोठं, दहा वर्षांत पगारपत्रक मोठं.

त्यातच डिसेंबर 1995 मध्ये युरोपीय न्यायालयाचा बोसमान निकाल आला. करार संपलेल्या खेळाडूला मोबदल्याची रक्कम न भरता दुसऱ्या क्लबात जाता येऊ लागलं. खेळाडूंच्या दृष्टीने हा न्यायच होता. पण छोट्या गावातल्या क्लबाने पोरं घडवायची आणि मोठ्याने ती विकत घेताना त्याचे पैसे मोजायचे, या व्यवहारातला छोट्याचा हात त्या दिवसापासून दुबळा झाला.

तरीही कायझर्सलाउटर्नने नशीब उलटवून दाखवलं होतं. खाली गेल्यावर आठवड्यातच, 25 मे 1996 ला, त्यांनी बर्लिनमध्ये जर्मन चषक, ही लीगपासून वेगळी बाद फेरीची स्पर्धा, जिंकला. एका वर्षात परत वर आले. आणि 1998 मध्ये ओटो रेहागेल यांच्या हाताखाली थेट बुंडेसलिगाचे विजेते! नुकताच वर आलेला संघ पहिल्याच हंगामात अजिंक्य ठरल्याचं बुंडेसलिगात हे एकमेव उदाहरण. त्या संघात मिखाएल बालाक नावाचा एक तरुण होता. पुढच्याच वर्षी, 1999 मध्ये, तो लेव्हरकुसेनला गेला.

माझ्या मते खरी घसरण या विजयातून सुरू झाली. विजेतेपदाच्या मापाचा अंगरखा शिवला, पण अंग तेवढं उरलं नव्हतं. पगार वाढले. 2006 च्या विश्वचषकाचे सामने घ्यायचे म्हणून लाखभर वस्तीच्या शहरात स्टेडियम जवळजवळ 50,000 प्रेक्षकांचं करायचं ठरलं. 2003 पर्यंत क्लब दिवाळखोरीच्या तोंडाशी आला आणि स्टेडियम शहराच्या कंपनीला विकून स्वतःच्याच टेकडीवर भाडेकरू झाला. शेजारच्या कुझेल गावात वाढलेला मिरोस्लाव क्लोझ, जो पुढे विश्वचषकात सर्वाधिक 16 गोल करणारा खेळाडू ठरला, 2004 मध्ये ब्रेमेनला गेला. आणि मे 2006 मध्ये, विश्वचषकाला महिना उरला असताना, क्लब पुन्हा दुसऱ्या श्रेणीत गेला. जून महिन्यात त्या झगमगीत स्टेडियममध्ये जगभरचे संघ खेळले. ऑगस्टपासून तिथे दुसऱ्या श्रेणीचे सामने सुरू झाले.

इथे कलशाचं उदाहरण अपुरं पडतं, कारण डब्यात कडा नसतो. लीगमध्ये सोळाव्या जागेखाली कडा आहे. पंधरावा आणि सतरावा यांच्या खेळात दोन-तीन गुणांचा फरक, पण उत्पन्नात एकदम दरी. उत्पन्न एका रात्रीत कोसळतं. स्टेडियमचं भाडं, कर्जाचे हप्ते आणि लांबचे करार मात्र तसेच राहतात. वर चढताना खर्च हळूहळू वाढवता येतो, पडताना तो तितक्या वेगाने कापता येत नाही. म्हणून चढण आणि उतरण सारखी नसते.

याच प्रांताच्या राजधानीत, माइन्झमध्ये, नेमकं उलट चाललं होतं. तिथे लोकांच्या अपेक्षाच थोड्या होत्या आणि तेच त्यांचं भांडवल ठरलं. नव्वदच्या दशकात वोल्फगांग फ्रांक या प्रशिक्षकाने तिथे सगळ्यांच्या मागे उभ्या राहणाऱ्या मोकळ्या बचावपटूची जुनी जर्मन पद्धत मोडून चौघांची रांग आणि एकत्र चढाई करून चेंडू हिसकावण्याचा खेळ आणला. त्याच संघातला एक खेळाडू, युर्गन क्लॉप, 2001 मध्ये प्रशिक्षक झाला. 2002 मध्ये शेवटच्या दिवशी बढती हुकली. 2003 मध्ये गुण सारखे असूनही ती हुकली गोलफरकातल्या एका गोलने: माइन्झचा सामना जिंकून झाला होता आणि फ्रँकफर्टने आपल्या सामन्याच्या जादा वेळेत सहावा गोल केला. 2004 मध्ये अखेर ते वर गेले. 2007 मध्ये पुन्हा खाली आले, तरी क्लॉपला काढलं नाही.

प्रशिक्षक बदलण्याबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. बास टेर वील यांनी नेदरलँड्सच्या लीगमधल्या अठरा वर्षांच्या हकालपट्ट्या तपासल्या. प्रशिक्षक काढल्यावर संघ सुधारतो हे खरं निघालं. पण तितक्याच वाईट काळातून गेलेले आणि प्रशिक्षक न काढलेले संघही तसेच सुधारले होते. फार खाली गेलेली गोष्ट आपल्या सरासरीकडे परत येतेच, आणि श्रेय मिळतं नव्या माणसाला. वैभवाची आठवण असलेल्या क्लबाला मात्र तेवढं थांबणं जमत नाही. दर शनिवारी हजारो माणसं 1998 मनात ठेवून टेकडी चढत असतात.

दुसरा शेजारी होफेनहाइम. तीनेक हजार वस्तीचं खेडं. सॅप या सॉफ्टवेअर कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, डिटमार हॉप, लहानपणी तिथे खेळलेले. त्यांच्या पैशावर क्लब पायरी पायरी चढत 2008 मध्ये बुंडेसलिगात पोचला. याच काळात कायझर्सलाउटर्नची ओळख असलेला प्फाफ शिलाई यंत्रांचा कारखाना उतरणीला लागला होता. त्या पट्ट्यातला पैसा शिलाई यंत्राकडून संगणकाकडे सरकला आणि फुटबॉल त्याच्या मागे गेला. 2013 मध्ये वरच्या श्रेणीतल्या शेवटच्या जागेसाठी होफेनहाइम आणि कायझर्सलाउटर्न दोन सामने खेळले. होफेनहाइमने 3–1 आणि 2–1 असे दोन्ही जिंकले, दुसरा तर बेट्झेनबर्गवर.

आपल्याकडे गोव्यात हेच दुखणं वेगळ्या रूपात आलं. 2005 ते 2012 दरम्यान धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली. साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्सही विजेते होते. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली, एफसी गोवा उभा राहिला, आणि 2016 मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. जर्मनीत पडलेल्या क्लबासाठी निदान शिडी जागेवर होती. गोव्यातल्या या क्लबांपुढे नव्या लीगमध्ये जिंकून जाण्याची वाटच ठेवलेली नव्हती, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

कायझर्सलाउटर्न 2018 मध्ये तिसऱ्या श्रेणीत गेलं, 2020 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून गेलं आणि 2022 मध्ये दुसऱ्या श्रेणीत परतलं. कलशात न मोजली जाणारी एक गोष्ट तेव्हाही टेकडीवर होती. तिसऱ्या श्रेणीतल्या सामन्यांनाही हजारोंनी माणसं येत राहिली. बाप ज्या कट्ट्यावर उभा राहायचा त्याच कट्ट्यावर मुलगा उभा असतो, आणि ही जागा शेजारी विकत घेऊ शकत नाही.

2024 मध्ये तिसऱ्या श्रेणीत पुन्हा पडता पडता वाचलेला हा संघ जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात पोचला. तारीख 25 मे, 1996 चा चषक जिंकला त्याच दिवसाची. समोर तेच लेव्हरकुसेन, त्या हंगामात एकही सामना न हरता बुंडेसलिगा जिंकलेलं. लेव्हरकुसेनने 1–0 ने चषक जिंकला. बर्लिनच्या स्टेडियमची एक अख्खी बाजू मात्र लाल होती.