लेटन आणि राइट: चेटकिणींच्या न्यायालयाची पार्श्वभूमी

कोडी सोडवणारा प्राध्यापक लेटन आणि बचावाचा वकील राइट, या दोन जपानी व्हिडिओ गेम मालिकांच्या नायकांना एकत्र आणणारा ‘प्रोफेसर लेटन विरुद्ध फीनिक्स राइट’ हा खेळ ऑक्टोबर २०१० मध्ये जाहीर झाला आणि जपानी दुकानांत २९ नोव्हेंबर २०१२ ला पोहोचला. इंग्रजी आवृत्तीला २०१४ उजाडले: युरोपात मार्चअखेर, उत्तर अमेरिकेत त्यानंतर पाच महिन्यांनी. घोषणेपासून अमेरिकी दुकानापर्यंत जवळपास चार वर्षे गेली. या गेमबद्दलचे बरेच वाद या मधल्या काळाकडे नीट न पाहता घातले जातात.

आधीचा इतिहास थोडक्यात. लेटनच्या कोड्यांची मुळे १९६६ पर्यंत जातात. चिबा विद्यापीठातल्या एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी त्या वर्षी कोड्यांची पुस्तकमाला सुरू केली आणि ती जपानमध्ये तुफान खपली. त्या पुस्तकांवर वाढलेल्या फुकुओकाच्या एका गेमकर्त्याने पुढे त्याच प्राध्यापकांना सोबत घेतले आणि फेब्रुवारी २००७ मध्ये लेटनचा पहिला खेळ आणला. राइटची, म्हणजे वकिलाची, मालिका त्याहून जुनी, ऑक्टोबर २००१ ची, ओसाकातली. शंभरातल्या नव्व्याण्णवांहून अधिक खटल्यांत आरोपी दोषी ठरतो अशा देशात बचावाच्या वकिलाला नायक करणे हीच मुळात खोडी होती. तीन दिवसांत निकाल, तोंडदेखला न्यायाधीश आणि मनमानी करणारा सरकारी वकील ही त्या मालिकेची विडंबने खऱ्या व्यवस्थेवर बेतलेली आहेत, हे जपानी खेळाडूला वेगळे सांगावे लागत नव्हते. मे २००९ मध्ये तिथे नागरिकांना न्यायाधीशांच्या शेजारी बसवणारा कायदा लागू झाला. मालिकेने ज्युरीचा एक प्रयोग त्याआधीच, २००७ च्या भागात, करून पाहिला होता.

तो २००७ चा भाग लिहून मूळ लेखक मालिकेतून बाजूला झाला. २००९ आणि २०११ चे तपासाचे भाग दुसऱ्यांच्या हातून आले. हा लेखक तेव्हा एका मेलेल्या माणसाच्या भुताची रहस्यकथा रचत होता, आणि ती जून २०१० मध्ये बाहेर पडली. त्यानंतर चारच महिन्यांनी दोन मालिकांच्या एकत्र येण्याची घोषणा झाली. प्रस्ताव फुकुओकाचा होता. संहिता मात्र ओसाकाच्या या लेखकाकडे गेली, आणि माझ्या मते सगळा तोल तिथेच ठरला. लेटनच्या नेहमीच्या खेळांपेक्षा कोडी खूपच कमी आहेत आणि त्यातली बरीच सोपी आहेत. हिंट कॉइन, म्हणजे सुगावा विकत घेण्याचे नाणे, हे लेटनचे हक्काचे चलन, तेही इथे कोर्टात खर्च करता येते. खटले मात्र लांब, गुंतागुंतीचे आणि साक्षीदारांनी गजबजलेले. लेटनप्रेमी याला अन्याय म्हणतात. मी म्हणेन, ज्याने लिहिले त्याने स्वतःला जमते ते लिहिले.

आता सगळ्यात जास्त वाजलेला निर्णय: खटला चालवायचा कुठे?

सोपी उत्तरे दोन होती. लेटनच्या लंडनमध्ये, नाहीतर राइटच्या नेहमीच्या कोर्टात. खेळाची सुरुवात लंडनमधल्या एका खटल्याने होते खरी, पण तो केवळ उंबरठा. मग लेटन, राइट आणि दोघांचा एकेक सोबती असे चौघेही एका पुस्तकातून लॅबिरिंथिया नावाच्या तटबंदीच्या नगरात पडतात. तिथे एक कथाकार जे लिहितो तेच घडते आणि चेटूक केल्याचा आरोप सिद्ध झालेल्या बाईला पिंजऱ्यात घालून आगीत सोडतात. ना बोटांचे ठसे, ना शवविच्छेदनाचा अहवाल. म्हणजे राइटच्या हातातली सगळी हत्यारे काढून घेतली. मालिकेच्या जुन्या चाहत्यांना हेच खटकले: पुराव्यावर उभ्या असलेल्या खेळातून पुरावाच काढला तर उरते काय?

उरतो तर्क, आणि तो आधीपेक्षा कडक होतो. या कोर्टात जादू आहे हे सर्वांना मान्य आहे, फिर्यादीला आणि बचावालाही. मंत्रांची एक पोथी पुरावा म्हणून समोर ठेवलेली असते. कुठल्या मंत्राने काय होते, त्यासाठी छडीत कोणती रत्ने बसवावी लागतात, हे सगळे तिच्यात लिहिलेले. त्यामुळे जादू ही पळवाट न राहता कायद्याचे कलम होते. लेटनचे सोने झाले आणि आरोप राइटच्या सहकारी मुलीवर आला, तो खटला आठवा. ‘असे होऊच शकत नाही’ म्हणायची सोय नाही. मंत्र कोणी म्हटला, कुठे उभे राहून म्हटला, छडी कोणाच्या हातात होती, एवढेच विचारता येते. बंद खोलीतल्या खुनाच्या रहस्यकथेची ही जुनी शिस्त आहे, फक्त निसर्गनियमांच्या जागी पोथीचे नियम आले.

इतिहासाच्या अंगानेही ही निवड वरवरची नाही. युरोपात चेटकिणींचे खटले खरोखरच कोर्टात, कायद्याने, जबान्या नोंदवून चालले. सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि सतराव्याचा पूर्वार्ध हा त्यांचा भराचा काळ. इंग्लंडने चेटूक हा प्रत्यक्ष गुन्हा मानणारा कायदा १७३५ मध्ये मोडीत काढला. अफवा जबानी होते आणि जबानी पुरावा होते, ही त्या खटल्यांची रीत खेळाने जशीच्या तशी उचलली आहे. गावकरी एकेकटे येत नाहीत, घोळक्याने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहतात. एक बोलत असताना दुसऱ्याचा चेहरा बदलतो आणि राइटने नेमके त्याच क्षणी त्या दुसऱ्याला धरायचे. जमावाची साक्ष जमावातच फोडायची, हा या खेळाचा खरा शोध.

(शेवट ठाऊक नसेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.)

निर्णयाचा दुसरा भाग मात्र मला पटलेला नाही. शेवटी कळते की जादू नव्हतीच. नगराच्या पाण्यात भूल पाडणारे द्रव्य होते, विशिष्ट घंटा वाजली की सगळे बेशुद्ध पडत, आणि काळ्या वेशातली माणसे, जी नगरवासीयांना दिसतच नसत, मधल्या वेळात देखावा रचत. जळालेल्या ‘चेटकिणी’ही जिवंत आणि हीच कामे करणाऱ्या. एका मुलीच्या मनातला अपराधगंड काढण्यासाठी बापाने उभे केलेले हे नाटक. लेटनच्या कथा अशा अचाट खुलाशांवरच संपतात, तेव्हा इथे त्या घराण्याचा मान राखला असे म्हणता येईल. शेवटच्या खटल्यात लेटन फिर्यादीच्या बाजूला उभा राहतो आणि शीर्षकातले ‘विरुद्ध’ कसेबसे खरे ठरते. पण ज्या पोथीच्या बळावर आपण निरपराध्यांना सोडवले, तिच्या मंत्रांत दमच नव्हता हे कळल्यावर आधीचे विजय पातळ होतात. खटले जिंकले ते नियम पाळून, आणि नियम होते कोणाच्या तरी कल्पनेतले. काहींना हीच त्या कथेची गंमत वाटते. मला ती उधारी न फेडता काढलेली पळवाट वाटते.

बाकी इतिहास प्रकाशनाच्या घोळाचा. जपानमध्ये राइट त्याच्या स्वतःच्या धाटणीच्या खेळात त्रिमितीत पहिल्यांदा उभा राहिला तो या खेळात, त्याच्या मालिकेचा पाचवा मुख्य भाग नंतर जुलै २०१३ मध्ये आला. इंग्रजीत क्रम उलटला: पाचवा भाग २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये, हा २०१४ मध्ये, आणि दोन्हींत राइटचा आवाज वेगळ्या नटांचा. त्यामुळे पश्चिमेकडे हा खेळ मागून आलेल्या जोडकामासारखा वाचला गेला. तसा तो नव्हता. घोळक्याची साक्ष फोडण्याची युक्ती राइटच्या मालिकेच्या २०१५ मध्ये आलेल्या, मेइजी काळात (एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनचा जपानी कालखंड) घडणाऱ्या भागात जशीच्या तशी दिसते, आणि तिथल्या लंडनच्या कोर्टात सहा ज्युरींना एकमेकांच्या विधानांवर आपटायचे तंत्र तिचेच भावंड आहे. दोन्हींचा लेखकही एकच. ज्यांनी लॅबिरिंथिया वगळून थेट तो भाग खेळला, त्यांना हा धागा दिसतच नाही.

तो २०१५ चा भाग आणि त्याचा २०१७ चा उत्तरार्ध जुलै २०२१ मध्ये इंग्रजीत आले. २०२४ मध्ये राइटच्या मालिकेतले आणखी दोन संच नव्या यंत्रांवर चढले. लेटनचाही नवा खेळ २०२३ मध्ये जाहीर झाला. या दोघांचा एकत्र खेळ तेवढा जिथे जन्मला त्याच यंत्रावर, निन्टेन्डो ३डीएसवर, अडकून आहे, आणि मार्च २०२३ मध्ये त्या यंत्राचे ऑनलाइन दुकानही खरेदीसाठी बंद झाले. पात्रे दोन कंपन्यांची, जपानबाहेरचे प्रकाशन तिसरीचे, म्हणजे पुन्हा आणायचा तर तिघांच्या सह्या लागणार. नव्याने खेळू पाहणाऱ्याला सध्या खेळाचे जुने काडतूस (कार्ट्रिज) शोधावे लागते.