दोन व्हीलच्या जुन्या बोटीचं स्टिअरिंग बदलायचंय? आधी अर्ज, मग पाना

मे अर्धा सरला की किनाऱ्यावर सगळ्या बोटवाल्यांचं एकच बोलणं, बोट वर कधी ओढायची आणि या पावसाळ्यात काय काय काम काढायचं. ज्यांच्याकडे जुन्या फायबरच्या दोन व्हीलच्या बोटी आहेत, म्हणजे एक व्हील खाली केबिनमध्ये आणि दुसरं वर डेकवर, त्यांच्या यादीत स्टिअरिंग असतंच. चेन-वायर नाहीतर केबल, दोन्ही व्हील एकमेकांना बांधलेली, वरचं फिरवलं की खालचंही फिरतं आणि सगळा जोर तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, खांद्यावर येतो. हायड्रॉलिक केलं, म्हणजे व्हीलला जोडलेला पंप तेल ढकलतो आणि त्या तेलावर सिलेंडर सुकाणू वळवतो, की हा त्रास जातो, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. माहीत नसतं ते एवढंच की पाना लावायच्या आधी अर्ज लागतो. मग सप्टेंबरात बोट तपासणारा सर्व्हेयर येतो, फाइलमधल्या ड्रॉइंगमध्ये वायर-पुली आणि बोटीत मात्र पंप-सिलेंडर, आणि ऐन सीझनला बोट धक्क्याला बांधलेली राहते. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, आमच्या बोटीचं काम करताना जे जे करावं लागलं त्यावरून.

सगळ्यात आधी तुमची बोट कुठल्या कायद्यात बसते ते बघा. खाडी, बंदर, नदी, धरणात प्रवासी किंवा पर्यटक नेणारी इंजिनाची बोट असेल तर अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१, ज्याने १९१७ चा जुना कायदा बाजूला केला. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, म्हणजे आपण ज्याला मेरीटाइम बोर्ड म्हणतो, १९९६ च्या कायद्याने झालेलं. किनाऱ्यावर त्यांचे पाच बंदर समूह आहेत, वांद्रे, मोरा, राजपुरी, रत्नागिरी आणि वेंगुर्ला. तुमचं गाव ज्या समूहात येतं तिथल्या प्रादेशिक बंदर अधिकाऱ्याकडे जायचं, सुरुवात गावातल्या बंदर निरीक्षकापासून केली तर सोपं पडतं. गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स, पणजीला. मासेमारीची बोट असेल तर रस्ताच वेगळा, ती मत्स्य विभागाकडे, नोंदणी रिअलक्राफ्ट पोर्टलवर, तिथे या अर्जाचा उपयोग नाही.

गोव्यातून जुनी बोट घेऊन सिंधुदुर्गात चालवणारे बरेच आहेत, त्यांनी एक लक्षात ठेवा. नव्या कायद्यात एका राज्याची नोंदणी सगळ्या देशात चालते हे खरं, पण बोटीत केलेला बदल आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, चढवायचा तर ज्या ऑफिसने ती आरसी दिली त्यांच्याकडेच फाइल जाते. आधी नोंदणी इकडे आणायची की तिकडेच बदल करून घ्यायचा हे ठरवा. अर्धं इकडे अर्धं तिकडे केलंत तर हेलपाट्यांत पावसाळा संपेल.

आता हा बदल आहे की नुसती दुरुस्ती? झिजलेली केबल काढून तशीच नवी केबल, गंजलेली वायर काढून त्याच मापाची वायर, ही दुरुस्ती. याला वेगळी परवानगी नको, पण बिल जपून ठेवा आणि पुढच्या सर्व्हेला दाखवा. चेन-वायरचं हायड्रॉलिक करणं, साध्या हायड्रॉलिकला बॅटरीवर चालणारा पॉवर पंप जोडणं, वरचं व्हील काढून टाकणं, नसलेलं दुसरं व्हील बसवणं, सुकाणूचं पातं मोठं करणं, हे सगळे बदल. बोटीच्या मजबुतीवर, स्थिरतेवर किंवा सुरक्षेवर परिणाम करणाऱ्या बदलाला आधी मंजुरी हवी, आणि स्टिअरिंग सुरक्षेत येतं की नाही यावर वाद घालण्यात काही अर्थ नाही. 'एकच पंप तर बदललाय' असं म्हणणारे भेटतात, पण भर खाडीत चाळीस माणसं बोटीत असताना तो एक पंपच सगळं सांभाळत असतो ना.

अर्ज कोण करू शकतं, तर आरसीवर ज्याचं नाव आहे तो मालक. भाड्याने चालवणाऱ्याने करायचा असेल तर मालकाचं लेखी अधिकारपत्र लागतं. बोट वडिलांच्या नावावर, ते वारले आणि मुलगा चालवतोय, असं आपल्याकडे फार असतं, तिथे आधी नाव लावून घ्या नाहीतर अर्ज दारातूनच परत येईल. बँकेचं कर्ज असून आरसीवर बोजा असेल तर बँकेची एनओसी. सर्व्हे सर्टिफिकेट आणि विमा दोन्ही चालू हवेत. सर्व्हे संपत आला असेल तर एक शहाणपणाचं काम करा, वार्षिक सर्व्हे आणि या बदलाची तपासणी एकाच वेळी मागा, बोट एकदाच वर ओढावी लागते आणि क्रेनचा खर्च वाचतो.

कागदांचं म्हणाल तर आरसी, शेवटचं सर्व्हे सर्टिफिकेट, विमा पॉलिसी, मालकाचं आधार-पॅन, तांडेलाचं आणि इंजिन ड्रायव्हरचं सर्टिफिकेट, यार्डचं किंवा काम करणाऱ्या वर्कशॉपचं पत्र, फी भरल्याची पावती, हे सगळ्यांकडे निघतं, त्यात कोणी अडकत नाही. अडकतात ते टेक्निकल कागदात. आमचीही फाइल पहिल्यांदा तिथेच परत आली. ड्रॉइंग काढून देणाऱ्याने नवी सिस्टिम सुंदर काढली होती पण फक्त खालचं व्हील दाखवलं, वरचं राहूनच गेलं, म्हणजे कागदावर बोट एका व्हीलची झाली. तीन आठवडे गेले त्यात. म्हणून ड्रॉइंग दोन मागा, एक आज जे बसलंय त्याचं आणि एक नव्याचं, दोन्हीत दोन्ही व्हील, त्यांची जागा, पाइप कुठून कुठे जातो, सिलेंडर कुठे, सुकाणूचा दांडा कुठे, आणि तेल कुठून भरायचं तेही. ड्रॉइंगवर नेव्हल आर्किटेक्टची सही घ्या. बोट आयआरएस म्हणजे जहाजांचा दर्जा ठरवणाऱ्या इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगच्या क्लासमध्ये असेल तर त्यांचीही मंजुरी लागेल, त्यांचं मुख्यालय पवईला आहे.

ड्रॉइंगसोबत कंपनीची माहितीपत्रकं जोडा, पंपाचं आणि सिलेंडरचं, आणि एक छोटा हिशोब. हा हिशोब मालकाने स्वतः समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण विक्रेता दुकानात असेल ते गळ्यात मारतो. सुकाणूवर किती जोर येतो ते पात्याच्या मापावर आणि बोटीच्या वेगावर ठरतं, त्या जोराला पुरेल असा सिलेंडर निवडायचा, आणि मग सिलेंडरचं तेल भागिले पंपाचं तेल म्हणजे व्हीलचे फेरे. समजा सिलेंडर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला १४० सीसी तेल घेतो आणि पंप एका फेऱ्याला २८ सीसी देतो, तर फेरे झाले ५. पंप छोटा घेतलात तर व्हील हलकं होईल पण फेरे वाढतील, आणि समोर अचानक होडी आली तर तांडेल व्हील फिरवतच बसेल. मोठा घेतलात तर फेरे कमी पण व्हील जड. दोन्ही व्हीलला एकाच मापाचा पंप घ्या, नाहीतर खाली पाच फेरे आणि वर सात अशी गंमत होते आणि घाईच्या वेळी हात चुकतो.

दोन व्हीलच्या बोटीत सर्व्हेयर काय बघणार हेही आधीच माहीत असू द्या. पहिलं म्हणजे लॉक व्हॉल्व्ह. हायड्रॉलिकमध्ये दोन्ही पंप एकाच पाइपलाइनवर असतात, त्यामुळे तेल उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह नसेल तर वर फिरवलेल्याचा जोर सुकाणूला जाण्याऐवजी खालच्या पंपात शिरतो आणि खालचं व्हील आपोआप फिरायला लागतं. बऱ्याच नव्या पंपात तो आतच असतो, जुना सेकंडहँड पंप घेतलात तर नक्की विचारा. आमच्या तपासणीला सर्व्हेयरनी तेच केलं, एक खलाशी खालच्या व्हीलजवळ उभा, बोटं व्हीलच्या आरीला, म्हणजे मधल्या दांडीला, नुसती टेकवून, आणि वर तांडेल डावीकडून उजवीकडे पूर्ण फिरवतोय. खालचं व्हील हललं नाही, मग उलटं, खालून फिरवलं आणि वरचं बघितलं.

दुसरं, सुकाणूचा कोन दाखवणारं मीटर, आणि ते दोन्ही ठिकाणी. हे का, तर चेन-वायरच्या बोटीत व्हीलला ठरलेलं सेंटर असतं. आमच्या तांडेलकाकांनी मधल्या आरीला लाल दोरा बांधलेला होता, दोरा वर आला की सुकाणू सरळ, अंधारातही हाताला लागायचा. हायड्रॉलिकमध्ये ते सेंटर सरकतं, आणि दोन पंप असले की खालून वळवल्यावर वरच्या व्हीलला काही पत्ताच नसतो. त्यांनी सवयीने नव्या व्हीललाही दोरा बांधला होता, पहिल्याच ट्रायलला धक्क्यावरून निघताना दोरा वर होता आणि सुकाणू चांगलं दहा अंश डावीकडे. दोरा त्यांनी स्वतःच सोडला आणि मीटर दोन्हीकडे लावून घ्या म्हणाले.

तिसरं, इमर्जन्सी टिलर. पाइप फुटला, तेल गेलं, तर सुकाणूच्या शाफ्टला थेट बसणारा लोखंडी दांडा बोटीत हवा आणि तो बसवायला लागणारं झाकण उघडणारं हवं. आमच्याकडे दांडा होता पण नव्या सिलेंडरचा ब्रॅकेट त्याच्या आड येत होता, तो कापून परत वेल्ड केला. पॉवर पंप लावत असाल तर बॅटरी गेल्यावर हाताने व्हील फिरतं का तेही करून दाखवावं लागतं.

मंजुरीचं पत्र हातात आल्यावरच काम सुरू करा. पाइप बंद करण्याआधी, म्हणजे पॅनल लावायच्या आधी, तपासणीला बोलवा, नाहीतर सगळं परत उघडावं लागतं. पाइप डेकखालून नेताना कुठे घासणार नाही, एक्झॉस्टजवळून जाणार नाही, आणि दोन्ही पंपांच्या तेलाच्या टाक्या जोडणारी तिसरी लाइन वरच्या व्हीलकडे सतत चढती राहील असं बघा, कारण मध्ये कुठे तिने खाली झोळ खाल्ला की हवा तिथेच अडकते.

हवा काढणं हे या कामातलं सगळ्यात सबुरीचं. तेल नेहमी वरच्या पंपातून भरायचं, श्वास घेणारं झाकणही फक्त वर, खालच्या पंपाला बंद झाकण. आमच्याकडे आलेल्या मेकॅनिकने दोन्हीकडे श्वासाचंच झाकण लावलं आणि रात्रभरात वरच्या पंपाचं तेल खालच्या झाकणातून केबिनच्या फळ्यांवर आलं. दुसऱ्या दिवशी झाकण बदललं, परत तेल भरलं, सिलेंडरच्या हवा सोडायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत बुडवलं आणि वरचं व्हील अगदी सावकाश फिरवत बसलो. आधी नळीत नुसता फेस, मग मोठे बुडबुडे, मग मोहरीएवढे, आणि तासाभराने नळीत एकसंध तेल. घाईने फिरवलं की हवा तेलात मिसळते आणि व्हील स्पंजासारखं लागतं, आणि हे स्पंजासारखं लागणं सर्व्हेयरच्या हाताला लगेच कळतं.

शेवटची तपासणी पाण्यात होते, दोन्ही व्हीलवरून, पुढे आणि रिव्हर्समध्ये. ती पास झाली की बदलाची नोंद आरसीवर आणि सर्व्हे सर्टिफिकेटवर करून घ्या. तोंडी 'ओके' वर बोट सोडू नका, नोंद होईपर्यंत प्रवासी घ्यायचे नाहीत. मंजूर ड्रॉइंगची एक प्रत बोटीत, एक घरी. त्याच आठवड्यात विमा कंपनीला नोंदीची प्रत जोडून पत्र द्या आणि पोच घ्या, कारण न कळवलेला बदल हे क्लेम नाकारायचं सरळ कारण होतं.

वेळेचं गणित असं मांडा. प्रवासी आणि जलक्रीडेच्या बोटी मे अखेरीपासून ऑगस्ट अखेरीपर्यंत बंद असतात, पण अर्ज त्या वेळी करायचा नसतो, तो मार्च-एप्रिलमध्येच द्यायचा, म्हणजे बोट वर येईपर्यंत मंजुरी हातात असते आणि पावसासाठी बोट शाकारायच्या, म्हणजे झाकून ठेवायच्या, आधी मापं घेऊन होतात. ऑगस्टच्या मध्यात बोट पाण्यात गेली की ट्रायलला पंधरा दिवस मिळतात. पहिला महिनाभर रोज सकाळी वरच्या पंपाचं झाकण उघडून तेल बघा आणि सिलेंडरच्या सीलखाली कोरा कागद ठेवून ठिपका पडतो का तेही, आमच्या बोटीत चौथ्या दिवशी एक पडला होता, जोड अर्धा फेरा घट्ट केला आणि थांबला.