भोक पडलं नाही म्हणजे डोकं वाचलं का?

जुन्या लष्करी हेल्मेटवर गोळ्या झाडून पाहताना एक घोटाळा हमखास होतो. आरपार भोक पडलं तर हेल्मेट निकामी आणि नुसता पोचा आला तर सैनिक वाचला, असं आपण धरून चालतो. खरं तर या दोन निराळ्या कसोट्या आहेत.

आधी भोक. 1915 साली जॉन ब्रोडी यांनी पेटंट घेतलेलं ब्रिटिश हेल्मेट खंदकातल्या सैनिकावर वरून बरसणाऱ्या श्रापनेलच्या, म्हणजे हवेत फुटणाऱ्या तोफगोळ्यातून सुटणाऱ्या, गोळ्या अडवण्यासाठी होतं, म्हणून त्याची कड इतकी रुंद. अमेरिकेच्या 1941च्या एम-1 हेल्मेटकडून अपेक्षा होती .45 पिस्तुलाची सुमारे 15 ग्रॅमची गोळी सेकंदाला 244 मीटर वेगाने आली तर अडवण्याची. ही ऊर्जा साधारण 450 ज्यूल. .303 रायफलची गोळी नळीतून सुटते तेव्हा तिच्यात 3000 ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. तेव्हा रायफलने भोक पाडून ‘हेल्मेट फेल’ म्हणणं मला साफ अन्यायाचं वाटतं.

पोच्याचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. या दोन्ही हेल्मेटांसाठी इंग्रज धातुशास्त्रज्ञ हॅडफील्डचं मँगनीज पोलाद वापरलं. ते तडकत नाही, ताणलं जातं आणि ठोका बसेल तिथे आणखी कठीण होतं. भोक टळतं ते या गुणामुळे, पण पोलाद आत घुसतं तेही यामुळेच! पोचा डोक्यापर्यंत पोहोचला तर गोळी अडूनही कवटी फुटू शकते. एम-1मध्ये पोलादी कवचाखाली वेगळं अस्तर असतं आणि त्यातल्या पट्ट्या हेल्मेटला डोक्यापासून अंतरावर तोलून धरतात. जीव वाचतो तो या रिकाम्या जागेमुळे. अस्तर काढून, नुसतं कवच खांबावर अडकवून केलेली चाचणी नेमकं हेच तपासत नाही. आजच्या अमेरिकी लष्करी चाचणीत हेल्मेटखाली मातीने भरलेला डोक्याचा साचा ठेवतात आणि मातीतल्या खड्ड्याची खोली मोजतात. डोक्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला मर्यादा 25.4 मिलिमीटर.

पडझडीचा धक्का आणखी निराळा. तिथे स्वतः चिरडून ऊर्जा शोषणारा थर्मोकोलसारखा थर लागतो आणि या जुन्या हेल्मेटांत तो नाही. दुचाकीवर ती कधीच घालू नयेत.