हिरमोड, रहस्यकथावाचकाचा

हिरमोड, रहस्यकथावाचकाचा : आवडत्या रहस्यकथाकाराने नेहमीची वाट सोडून वेगळ्या धर्तीचे पुस्तक लिहिले की त्याच्या नेमाच्या वाचकाला येणारी निराशा. खून, तपास आणि शेवटी गुन्हेगार सापडणे या क्रमाची सवय लागलेल्या वाचकाच्या हाती त्याच नावाखाली सामाजिक, ऐतिहासिक किंवा प्रेमाची कादंबरी पडते. कधी लेखक मालिकेतला ठरलेला नायकच बाजूला ठेवतो. नवे पुस्तक वाईट असावे लागत नाही. उलट ते बरे निघाले तर राग जास्त दिवस टिकतो, कारण मग धड टाकून देता येत नाही आणि धड कबूलही करता येत नाही. ही नोंद मुख्यतः सोलापूर शहरातील मराठी वाचकांबद्दल आहे.

सोलापुरात रहस्यकथा पुष्कळ वाचली गेली, ती बरीचशी भाड्याने आणून. १८७७ मध्ये सुरू झालेली कापडगिरणी, जिला गाव अजूनही ‘जुनी मिल’ म्हणते, पुढे लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्या, आणि भोवतालचे हातमाग-यंत्रमाग यांनी या शहराचा दिवस पाळ्यांमध्ये वाटून टाकला होता. भोंगा झाला की काही गल्ल्या घरी यायच्या आणि काही कामाला निघायच्या. अशा दिनक्रमात खिशात मावणारे, दोन-तीन तासांत संपणारे आणि डबा खाताना उघडे ठेवता येणारे पुस्तक सोयीचे. पेठांमधून एकेका खोलीची भाड्याची वाचनालये होती. अनामत ठेवायची, पुस्तक न्यायचे आणि दिवसाप्रमाणे पैसे द्यायचे. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या सभासदाला पुस्तक आवडले नाही तर दुसऱ्या दिवशी बदलून घेता येते, वर्गणी तीच राहते. भाड्याच्या वाचनालयात मात्र न आवडलेल्या पुस्तकाचेही भाडे पडते, आणि पाळीनंतरची संध्याकाळ जाते ती वेगळीच. हिरमोडाची धार निम्मी इथून येते.

आणखी एक कारण बायंडिंगचे आहे, आणि ते सहसा कोणी लक्षात घेत नाही. प्रकाशक पुस्तकाची जात मुखपृष्ठावरून सांगतो. पिस्तूल, बूट, जिन्यावर पडलेली सावली असली तर एक अर्थ. झाडाखाली बसलेली मुलगी असली तर दुसरा. भाड्याचे वाचनालय पहिल्याच महिन्यात हे मुखपृष्ठ काढून पुस्तकाला जाड पुठ्ठा लावते, कारण त्याशिवाय ते पन्नास हातांत टिकत नाही. पुठ्ठ्यावर उरतो नंबर आणि लेखकाचे नाव. म्हणजे लेखकाने आणि चित्रकाराने दिलेली सूचना डिंकाखाली जाते आणि वाचक केवळ नावाच्या भरवशावर पुस्तक उचलतो. नावाचाही नेम नाही. पुष्कळदा मागणी लेखकाच्या नावाने होतच नसे, नायकाच्या नावाने होई. ‘झुंजार आहे का?’ ‘काळापहाड आलाय का नवा?’

झुंजार आणि काळापहाड यांचे जनक बाबूराव अर्नाळकर (मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण) यांच्या वाचकांवर हा प्रसंग फारसा आला नाही. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाने नायक बदलले, पण जेवणाचे ताट बदलले नाही. गुरुनाथ नाईकांनी दुसरा मार्ग काढला. कॅप्टन दीप, गोलंदाज अशा वेगवेगळ्या नायकांच्या वेगवेगळ्या मालिका एकाच नावाखाली चालवल्या. हेरकथा हवी असेल त्याने ही घ्यावी, मारधाड हवी असेल त्याने ती. बदल करायचा, पण प्रत्येक बदलाला आधीच नाव देऊन ठेवायचे, ही व्यवहारी युक्ती आहे. नारायण धारपांनी भयकथांबरोबर विज्ञानकथाही लिहिल्या तरी वाचक फार बिथरला नाही. अंगावर काटा यायचा तो येत राहिला, मग तो भुताने येवो की परग्रहाने.

खरा पेच पडला तो सुहास शिरवळकरांच्या (१९४८–२००३) बाबतीत. वाचकांचे ‘सुशि’. फौजदारी वकील अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, दारा बुलंद असे नायक त्यांनी एकामागून एक उभे केले आणि त्या प्रत्येकाचा स्वतंत्र चाहतावर्ग तयार झाला. नंतर त्यांनी सामाजिक कादंबऱ्या लिहायला घेतल्या. १९८२ ची ‘दुनियादारी’ पुण्यातल्या कॉलेजची, कट्ट्याची, दोस्तीची गोष्ट. तिच्यात अमर विश्वास नाही, उलटतपासणी नाही, शेवटच्या प्रकरणात सगळ्यांना एका खोलीत जमवणेही नाही. आज तीच त्यांची सर्वांत प्रसिद्ध कादंबरी आहे, त्यामुळे तिच्यावर कोणी नाराज झाला असेल हे आता पटत नाही. पण ज्याने रात्रपाळीला जाण्याआधी वाचायला म्हणून अमर विश्वास मागितला आणि त्याच्या हाती कट्टा पडला, त्याच्या बाजूने विचार करावा. ‘काय लिहूलालाय बे हा? खून कुठाय?’ हा सोलापुरी प्रश्न साहित्यसमीक्षा म्हणून तोकडा असेल, तक्रार म्हणून बिनचूक आहे.

बाळीवेस भागातल्या अशाच एका वाचनालयातून आणलेले, एका रहस्यकथाकाराचे सामाजिक पुस्तक प्रस्तुत नोंदकाराने शाळेत असताना हाताळले होते. आतल्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीने लिहिले होते : ‘यात खून नाही. वेळ फुकट.’ खाली निळ्या बॉलपेनने दुसऱ्याचे अक्षर : ‘खून पायजेच असं कुठं लिवलंय?’ त्याखाली तांबड्या शाईत तिसरे : ‘पुस्तकावर लिहू नये. – मालक’. या तीन ओळींत विषयाचे तिन्ही पक्ष येऊन गेले आहेत. पेन्सिलवाल्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचले होते, हेही उघड आहे. नाहीतर खून नाही हे इतक्या खात्रीने कसे लिहिणार?

निराशा नेमकी कशाची असते? खून नसल्याची, असे वाचक सांगतो. ते अर्धेच खरे आहे. रहस्यकथा वाचण्याची म्हणून एक नजर असते. त्या कथेत काहीच फुकट नसते. बाई चहाचा कप टेबलाच्या डाव्या बाजूला ठेवते, हे लेखकाने सांगितले की मुरलेला वाचक ते मनात टिपून ठेवतो : बाई डावखुरी. नोकर दोनदा घड्याळ पाहतो : साडेनऊला कुठेतरी जायचे आहे. काका फार गोड बोलतात : संपले, काकाच. ही नजर वाचकाला त्या लेखकानेच पुस्तकागणिक शिकवलेली असते. मग तोच लेखक एक घरगुती कादंबरी लिहितो आणि वाचक तिच्यातही कप, घड्याळ आणि गोड बोलणारे काका गोळा करत बसतो. दोनशे पानांनंतर कळते की कप हा नुसता कप होता. काका खरोखरच गोड स्वभावाचे होते. आपण एवढा वेळ एका निरपराध माणसावर पाळत ठेवून होतो, या जाणिवेने येणारा ओशाळेपणा रागाच्या रूपाने बाहेर पडतो. नवे पुस्तक जुन्या डोळ्यांनी वाचल्याचा हा दोष आहे. लेखकाचा म्हणता येत नाही आणि वाचकाचाही पूर्णपणे नाही.

याच वाचकाची दुसरी तक्रार पहिलीच्या अगदी उलट असते. ‘आता याचं सगळं तेच तेच झालंय, दहाव्या पानावर खुनी कळतो.’ दोन्ही तक्रारी एकाच माणसाच्या, बऱ्याचदा एकाच आठवड्यातल्या.

ही तऱ्हा मराठीपुरती नाही. आर्थर कॉनन डॉइल यांना स्वतःच्या ऐतिहासिक कादंबऱ्या जास्त मोलाच्या वाटत आणि शेरलॉक होम्स त्यांच्या आड येतो असे वाटे. होम्सला संपवू नकोस, असे खुद्द त्यांच्या आईने आधी बजावले होते. तरी डिसेंबर १८९३ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकातून त्यांनी त्याला स्वित्झर्लंडमधल्या धबधब्यात ढकलले. त्यांना आलेल्या एका बाईच्या पत्राची सुरुवात ‘दुष्टा’ अशा संबोधनाने होती, हे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. १९०१ मध्ये होम्स मृत्यूपूर्वीच्या काळातल्या एका कथेत परतला आणि १९०३ मध्ये मेलाच नव्हता असे ठरले. अगाथा ख्रिस्तींनी हा सगळा कलह टाळला. खून नसलेल्या सहा कादंबऱ्या त्यांनी १९३० ते १९५६ या काळात मेरी वेस्टमॅकॉट या नावाने लिहिल्या आणि हे गुपित जवळजवळ वीस वर्षे राखले. वाचकाला फसवायचे नसेल तर नावच दुसरे घ्यावे, हा सर्वांत सभ्य उपाय; पण त्यासाठी आपल्या प्रसिद्ध नावाची मिळकत सोडण्याची तयारी लागते.

बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी १९३२ पासून लिहिलेला गुप्तहेर ब्योमकेश बक्षी काही वर्षांनी थांबवला, ते १९३८ मध्ये चित्रपटकथा लिहायला मुंबईत आले, आणि ब्योमकेश थेट १९५१ मध्ये परत आला. मधल्या काळात त्यांनी बाकी पुष्कळ लिहिले. मराठी घरांमध्ये ब्योमकेश पोहोचला तो १९९३ च्या दूरदर्शन मालिकेतून, त्यामुळे या प्रतीक्षेची झळ आपल्याला लागली नाही.

सोलापूरच्या पूर्व भागाला मात्र एका वेगळ्या भाषेतली झळ ठाऊक आहे. या शहरात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू घराघरांत बोलल्या जातात, आणि पद्मशाली, म्हणजे तेलुगूभाषक विणकर समाजाच्या, वस्तीत तेलुगू वाचणारी जुनी माणसे आहेत. यंडमूरी वीरेंद्रनाथ हे तेलुगूतले करणी-भानामती आणि थराराचे अत्यंत लोकप्रिय कादंबरीकार. ‘तुलसीदळम्’ने त्यांनी वाचकांची झोप उडवली. पुढे ते व्यक्तिमत्त्वविकासाकडे वळले आणि ‘विजयानिकी ऐदु मेट्लु’, म्हणजे विजयाच्या पाच पायऱ्या, असे पुस्तक लिहून त्यातही अफाट खपले. भानामतीच्या अपेक्षेने बसलेल्या माणसाला पहाटे उठण्याचे फायदे ऐकावे लागणे, यापेक्षा मोठा वळसा रहस्यकथेच्या वाचकाच्या वाट्याला क्वचितच येत असेल. गंमत अशी की ज्या घरात आजोबा या बदलावर चडफडले, त्याच घरात नातवाला ते पुस्तक बक्षीस म्हणून मिळाले, अशी उदाहरणे सापडतात.

हिरमोड सौम्य करण्याच्या काही रीती रूढ होत्या. ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारखे दिवाळी अंक लेखकाला वाट बदलून पाहायला बरी जागा देत; एकाच अंकात गूढ, विज्ञान, भय, साहस असे सगळे असल्यामुळे एखादी कथा पटली नाही तरी पुढची हाताशी असते आणि अंकाचे पैसे वसूल होतात. वाचनालयवाले आपापल्या परीने तोड काढत. कोणी पुठ्ठ्याच्या कण्यावर ‘सा.’ म्हणजे सामाजिक असे लिहून ठेवी, कोणी पुस्तक हातात देतानाच सांगे, ‘साहेब, ह्यात मर्डर नाही हं, चालेल ना?’ हा एक प्रश्न कोणत्याही परीक्षणापेक्षा उपयोगी होता. गिऱ्हाईक बहुधा ‘नको’ म्हणे. काही जण पुस्तक उलटसुलट करून बघत आणि बायकोसाठी म्हणून नेत. ते नंतर कोण वाचे, हे सांगायला नको.

विसावे शतक संपेपर्यंत बहुतेक गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, टीव्ही आला, आणि भाड्याची वाचनालये एकेक करून आवरली गेली. त्यांची पुठ्ठ्याची पुस्तके रद्दीत आणि तिथून जुन्या पुस्तकांच्या गाड्यांवर आली. २०१३ मध्ये ‘दुनियादारी’वर चित्रपट निघाला आणि तो पाहून सुशि शोधत येणारी कॉलेजची मुले या गाड्यांवर दिसू लागली. गाडीवरचा माणूस नाव ऐकून ढिगातून हाताला येईल ते काढून देतो. मुलगा चार दिवसांनी परत येतो. त्याच्या हातात अमर विश्वास असतो, पान चाळीसच्या आसपास दुमडलेले. ‘काका, ह्यात नुसता खूनच आहे,’ तो म्हणतो. ‘कट्टा असलेलं काय आहे का?’