अमावास्येच्या ओहोटीतलं वाकामे

जपानने १ जानेवारी १८७३ रोजी आपलं जुनं पंचांग बाजूला ठेवलं आणि युरोपचं कॅलेंडर घेतलं. सरकारी हुकूमच तो, त्यामुळे नवं वर्ष १ जानेवारीला आलं आणि सणवारही हळूहळू नव्या तारखांना जाऊन बसले. सातव्या महिन्याच्या सातव्या रात्री आकाशातले तारे पाहायचा तानाबाता नावाचा सण आहे. तो बऱ्याच ठिकाणी सरळ ७ जुलैला नेऊन ठेवला. त्या दिवसांत तिथे पावसाळी ढग दाटलेले असतात, तारे दिसायची मारामार. पण तारीख ठरली ती ठरली.

क्यूशू बेटाच्या उत्तर टोकावरच्या एका शिंतो देवळाने मात्र आपला एक विधी नव्या कॅलेंडरवर आणला नाही, आणि आणता आलाही नसता. मेकारी हे त्या देवळाचं नाव. ते किताक्यूशू शहराच्या मोजी भागात, कानमोन सामुद्रधुनीच्या अगदी कडेला उभं आहे. डोक्यावरून १९७३ साली बांधलेला प्रचंड झुलता पूल जातो, समोर हाकेच्या अंतरावर वाटावं असं होन्शू बेटावरचं शिमोनोसेकी दिसतं. देवळासमोरच्या दगडी पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. जुन्या पंचांगातल्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, पहाटे अडीच-तीनच्या सुमाराला, या पायऱ्यांवरून तीन पुजारी खाली जातात. एकाच्या हातात बांबूची भलीमोठी मशाल, दुसऱ्याच्या हातात विळा, तिसऱ्याकडे लाकडी बादली. ऐन थंडीत गुडघाभर पाण्यात उभं राहून ते खडकांवर वाढलेलं वाकामे नावाचं समुद्रशेवाळ कापतात आणि देवापुढे ठेवतात. नावातच सगळं आलं: ‘मे’ म्हणजे हे शेवाळ, ‘कारी’ म्हणजे कापणी. परंपरेनुसार इथलं वाकामे इ.स. ७१० मध्ये राजदरबारी पाठवलं गेलं होतं.

पूर्वी हा विधी पाहणं निषिद्ध होतं. त्या रात्री किनाऱ्यावरची घरं दिवे मालवून बसत. दुसऱ्या महायुद्धानंतर कुठे लोकांना तो पाहण्याची मुभा मिळाली. या विधीवर नोह या जपानच्या पारंपरिक नाट्यप्रकारातलं एक जुनं नाटकही आहे. त्यात समुद्रातला ड्रॅगनदेव प्रकट होतो, पाणी बाजूला सारतो आणि पुजाऱ्याला तळापर्यंत वाट करून देतो. काळोख, मशाल, गुपित, ड्रॅगन असं सगळं एकत्र आल्यावर वाटतं की पहाटे तीनची वेळ वातावरणनिर्मितीसाठीच निवडली असणार. पण ती कोणी निवडलेली नाही. ती समुद्राने दिली आहे.

आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर ही गोष्ट कोणाला समजावून सांगायला नको. अमावास्या आणि पौर्णिमेला उधाण, म्हणजे मोठी भरती-ओहोटी; अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे बेताची. उधाणाची भरती जितकी वर चढते, तितकीच त्याची सुकती, म्हणजे ओहोटी, खाली जाते, आणि मग एरवी पाण्याखाली असणारं खडप उघडं पडतं. कालवं काढायला जाणाऱ्या बायका हाच दिवस धरतात. मेकारीचे पुजारी वेगळं काही करत नाहीत.

उधाण का येतं, याचं उत्तर एका गणितात आहे, आणि ते मला फार आवडतं. सूर्याचं वस्तुमान चंद्राच्या सुमारे २ कोटी ७० लाख पट आहे. मग समुद्रावर हुकूम सूर्याचाच चालायला हवा. पण सूर्य चंद्रापेक्षा जवळपास ३९० पट लांब आहे, आणि भरती आणणारा जोर अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो. ३९० चा घन सुमारे ५ कोटी ९० लाख. २ कोटी ७० लाखांना त्याने भागलं की उरतात ०.४६. म्हणजे समुद्र हलवण्यात सूर्याचा जोर चंद्राच्या निम्म्याहूनही थोडा कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघं एका रेषेत येतात तेव्हा हे जोर एकमेकांत मिळतात, ते उधाण. अष्टमीला दोघं काटकोनात असतात आणि एकाचा जोर दुसरा खाऊन टाकतो, तो भांग. (पाण्याला जड अंग हलवायला वेळ लागतो, म्हणून खरं मोठं उधाण बहुतेकदा अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं. पण वर्षाच्या पहिल्या दिवशीही पाणी पुरेसं ओसरलेलं असतं.)

आता वेळ. किनाऱ्यावरच्या जुन्या लोकांचा हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते, त्यावर हा हिशेब बसवलेला आहे. त्याचा दुसरा अर्थ असा की एखाद्या किनाऱ्यावर अमावास्येची भरती घड्याळात नेहमी साधारण एकाच वेळी येते, मग महिना कुठलाही असो. अमावास्येला चंद्र सूर्याबरोबरच माथ्यावर येतो, आणि सूर्याची वेळ तर घड्याळाला बांधलेलीच आहे. मुंबईकडे ही भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, म्हणून पाऊणकीचा हिशेब शून्यापासून सुरू करता येतो. तोच हिशेब मोजीला नेला तर फसेल. भरतीची लाट प्रशांत महासागरातून आतल्या समुद्रात बेटांच्या फटींतून वाट काढत शिरते आणि तिला तिथे पोचायला आपला वेळ लागतो. तिथे अमावास्येला पाणी सर्वांत खाली असतं ते तीनच्या सुमाराला, पहाटे आणि दुपारी.

मग दुपारी तीनला का नाही? निदान पुजाऱ्यांचे पाय तरी कमी गोठले असते! पण दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. चंद्र आणि सूर्य विषुववृत्ताच्या कधी उत्तरेला, कधी दक्षिणेला सरकलेले असतात आणि त्यामुळे एक ओहोटी जास्त उतरते, एक कमी. जपानच्या या भागात हिवाळ्यात रात्रीची ओहोटी जास्त खोल जाते, वसंतात आणि उन्हाळ्यात दिवसाची. म्हणूनच तिथे मुलाबाळांना घेऊन वाळूतले शिंपले वेचायला जायचा मोसम एप्रिल-मे महिन्यांत, भर उन्हात असतो. हिवाळ्यात मात्र समुद्र आपला तळ दाखवतो तो रात्री. नाटकातल्या ड्रॅगनदेवाची वेळ कोष्टकात मांडता येते.

पण शेवाळच कापायचं तर ते इथेच का? कानमोन सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम साडेसहाशे मीटर रुंद आहे, आणि देऊळ त्याच गळ्याशी आहे. पूर्वेला सेतो हा आतला समुद्र, तिथे उधाणाला पाणी तीन-चार मीटर वरखाली होतं. पश्चिमेच्या बाजूला हा फरक त्यामानाने कमी. दोन्हीकडच्या पातळ्या जुळत नाहीत आणि पाणी या फटीतून नदीसारखं धावतं. दिवसातून चार वेळा दिशा बदलतं, आणि जोरात असतं तेव्हा १० नॉटपर्यंत पोचतं, म्हणजे ताशी १८ किलोमीटरच्या वर. जहाजांसाठी किनाऱ्यावर मोठे विजेचे फलक लावलेले आहेत: पूर्व की पश्चिम, किती नॉट, वेग वाढतोय की घटतोय. प्रवाह पातळीतल्या फरकावर चालत असल्यामुळे ओहोटी पूर्ण लागली की प्रवाहही थांबला, असं इथे होत नाही. पुजारी काठाच्या खडकांना धरून राहतात ते काही संकोचापोटी नाही.

याच पाण्यात २५ एप्रिल ११८५ रोजी दान-नो-उराची लढाई झाली. तायरा आणि मिनामोतो या घराण्यांचं वैर तिथे संपलं, तायरांबरोबर लहानगा सम्राट आंतोकू बुडाला. ऐन लढाईत प्रवाह उलटला आणि तायरा हरले, असं नेहमी सांगितलं जातं. इतिहासकारांचं यावर एकमत नाही. प्रवाह दोन्ही बाजूंच्या नावांना सारखाच वाहून नेत असणार, हा साधा आक्षेप मला तरी वजनदार वाटतो.

वाकामेला मात्र हा प्रवाह मानवतो. शेवाळाला मुळं नसतात, खडकाला चिकटून राहायची पकड तेवढी असते. अन्न ते सगळ्या अंगाने पाण्यातून शोषतं. पाणी स्थिर असलं की अंगालगतच्या थरातलं अन्न संपतं, वाहतं असलं की तो थर सतत नवा होत राहतो. भोवऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नारुतो सामुद्रधुनीचं वाकामेही जपानमध्ये नावाजलेलं आहे, ते उगीच नाही.

आणि वाकामे वर्षभर नसतं. आपल्या डोळ्यांना दिसणारं, मीटर-दोन मीटर वाढणारं शेवाळ हिवाळ्याचं बाळ आहे. वसंतात पाणी कोमट होऊ लागलं की ते बुंध्याशी असलेल्या झालरीसारख्या भागातून बीजाणू सोडतं आणि मरून जातं. बीजाणूंपासून सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील असे नर आणि मादी धागे तयार होतात. ते सगळा उन्हाळा खडकाला चिकटून झोप काढतात. शरदात पाणी थंड झालं की जागे होतात, त्यांच्यात फलन होतं आणि नवं वाकामे उगवतं. जानेवारी-फेब्रुवारीत ते कोवळं आणि जोमात असतं. ऑगस्टच्या अमावास्येला कितीही खोल ओहोटी लागू दे, पुजाऱ्यांच्या विळ्याला कापायला काही मिळणार नाही.

म्हणजे या विधीला दोन गोष्टी एकदम हव्यात: अमावास्या आणि थंडी. इंग्रजी कॅलेंडर थंडी सांभाळतं, पण त्याला चंद्राचं सोयरसुतक नाही. १ जानेवारीच्या पहाटे एखाद्या वर्षी अष्टमी असेल आणि वाकामे गळाभर पाण्याखाली. निव्वळ चंद्रावर चालणारं हिजरी कॅलेंडर अमावास्या सांभाळतं, पण दरवर्षी ११ दिवसांनी मागे सरकत पंधरा-सोळा वर्षांत थंडीतून थेट उन्हाळ्यात जातं. दोन्ही सांभाळतं ते चंद्रमहिन्यांत अधूनमधून अधिक महिना घालणारं पंचांग. चीनचं तसं आहे, जपानचं जुनं तसंच होतं आणि आपलंही तसंच आहे. आपण अधिक महिन्यात जावयाला वाण देतो आणि अनारसे तळतो, पण त्या महिन्याचं मूळ काम ऋतूंशी सांधा जुळवून ठेवणं हे आहे. त्यामुळे जपानी जुन्या वर्षाचा पहिला दिवस २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या दिवसांच्या बाहेर कधी जात नाही. तो दिवस अमावास्येचाच असतो, बहुतेक वर्षी आपली पौष अमावास्या, एखाद्या वर्षी माघ.

अमावास्येचा क्षण ज्या तारखेत पडतो, ती तारीख महिन्याची पहिली, असा तिकडचा नियम आहे. यातून एक गंमत होते. २०२७ साली हा क्षण आपल्याकडे ६ फेब्रुवारीच्या रात्री साडेनऊच्या जरा आधी येतो. चीनच्या घड्याळात तेव्हा मध्यरात्रीला चार मिनिटं कमी असतील, त्यामुळे तिथलं नवं वर्ष ६ तारखेला. जपानचं घड्याळ चीनच्या तासभर पुढे, तिथे १२ वाजून ५६ मिनिटं झालेली असतील, म्हणून जुनं वर्ष ७ तारखेला उघडेल. विधी नेहमीच्या वेळी झाला, तर चंद्र-सूर्य एका रेषेत आल्यावर दोनेक तासांत मेकारीचे पुजारी पाण्यात असतील.