हरणाचं मांस, रानडुकराचा विषाणू

२००३ साली जपानच्या ह्योगो प्रांतात दोन कुटुंबांतल्या चौघांना हिपॅटायटिस ई हा यकृताला सूज आणणारा विषाणूजन्य आजार झाला. सहा-सात आठवड्यांपूर्वी त्यांनी रानातल्या सिका हरणाचं मांस कच्चंच खाल्लं होतं. एरवी असा तपास इथेच अडतो, कारण दुखणं अंगावर येईपर्यंत खाल्लेलं अन्न संपलेलं असतं. इथे मात्र पुन्हा कधीतरी खाऊ म्हणून उरलेलं मांस फ्रीझरमध्ये ठेवलेलं होतं. त्यात विषाणू सापडला आणि त्याची जनुकीय क्रमवारी रुग्णांमधल्या विषाणूशी तंतोतंत जुळली. घरातल्या ज्यांनी ते मांस खाल्लं नव्हतं किंवा नुसतं चाखलं होतं, ते ठणठणीत होते. चोर मुद्देमालासकट सापडला. प्राण्याकडून माणसाकडे हा आजार येतो याचा इतका थेट पुरावा त्याआधी कुणाच्या हाती लागला नव्हता.

तोवर हिपॅटायटिस ई म्हणजे घाण पाण्याची कावीळ, असंच समीकरण होतं आणि त्याला कारणही तसंच होतं. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत सांडपाणी यमुनेच्या पाणीपुरवठ्यात शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ‘ए’ प्रकारची समजून प्रकरण मिटलं. १९७८ मध्ये काश्मीरमध्ये मोठी साथ आली. त्यात गरोदर बायका दगावण्याचं प्रमाण एवढं होतं की नेहमीच्या काविळीचं स्पष्टीकरण पुरेना. मग दिल्लीच्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने बाहेर काढून तपासले गेले. १९८० मध्ये कळलं की तो आजार ‘ए’ नव्हता आणि ‘बी’ही नव्हता. (जुने नमुने फेकून न देणाऱ्यांचे विज्ञानावर फार उपकार आहेत.)

विषाणू प्रत्यक्ष दिसला तो एका धाडसामुळे. रशियन शास्त्रज्ञ मिखाईल बालायान यांनी अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्यायला. ते आजारी पडले आणि त्यांच्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण दिसले. हे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालं. १९९० मध्ये विषाणूच्या जनुकांचा तुकडा वेगळा काढता आला, तेव्हा कुठे खात्रीच्या चाचण्यांची वाट मोकळी झाली.

एक कोडं उरलं होतं. पाणी स्वच्छ असलेल्या देशांत, कुठेही प्रवास न केलेल्या माणसांना हा आजार अधूनमधून का होतो? १९९७ मध्ये अमेरिकेतल्या पाळीव डुकरांमध्ये या विषाणूचा भाऊबंद सापडला. डुकरं स्वतः आजारी दिसत नव्हती. त्याच सुमारास तिथल्या रुग्णांत मिळालेला विषाणू डुकरांतल्या विषाणूच्या फारच जवळचा निघाला. भारतात मात्र हे गणित जुळलं नाही: इथल्या डुकरांत जनुकप्रकार (म्हणजे विषाणूचा जनुकांवरून ठरवलेला उपप्रकार) ४, तर माणसांच्या साथींमध्ये जनुकप्रकार १. प्रकार १ आणि २ माणसांतच फिरतात. ३ आणि ४ प्राण्यांकडून येतात.

मग हरीण या विषाणूचं घर म्हणायचं का? माझ्या मते त्या एका घटनेमुळे हरणाची बदनामी जरा जास्तच झाली. जपानमध्ये पुढे जवळपास हजार सिका हरणांचं रक्त तपासलं, तेव्हा प्रतिपिंडं, म्हणजे पूर्वी संसर्ग होऊन गेल्याची रक्तातली खूण, तीन टक्क्यांहून कमी हरणांत आढळली आणि विषाणू एकातही नाही. उलट, ह्योगोतल्याच एका रानडुकरात हरणातल्या विषाणूशी जवळजवळ एकरूप विषाणू मिळाला. युरोपातही लाल हरणांत आणि रो हरणांत प्रकार ३ सापडतो, पण मुख्य मुक्काम रानडुकरांतच दिसतो. एकाच रानात चरताना विष्ठेने दूषित झालेलं पाणी किंवा चारा हरणाच्या पोटात जात असावा, हा तर्क म्हणूनच पटतो. अर्थात कच्चं मांस खाणाऱ्याला या फरकाचा काही उपयोग नाही. विषाणू तुकड्यात असला की झालं.

नंतर यादी वाढतच गेली. सशांत सापडला, स्वीडनच्या मूस या थोराड हरणांत सापडला, कोंबड्यांतला वेगळाच निघाला. उंटांतला प्रकार ७ तर संयुक्त अरब अमिरातीतल्या, यकृत प्रत्यारोपण झालेल्या एका रुग्णात मिळाला; तो उंटाचं मांस आणि दूध नेहमी घेत असे.

उंदरांतला विषाणू २०१० मध्ये जर्मनीत नोंदला गेला. तो माणसातल्यापेक्षा इतका वेगळा की माणसाला होणार नाही, असंच धरून चालले होते. २०१८ मध्ये हाँगकाँगमधल्या एका यकृत प्रत्यारोपण झालेल्या रुग्णात तो सापडला. नेहमीच्या जनुकीय चाचणीत तो दिसतही नाही. तो रुग्णापर्यंत कसा पोहोचला, हे मात्र कळलं नाही. या वेळी फ्रीझरमध्ये काही ठेवलेलं नव्हतं.