स्लीपलेस इन सिॲटल

स्लीपलेस इन सिॲटल हा नोरा एफ्रॉन (१९४१–२०१२) यांनी दिग्दर्शित केलेला प्रणयरम्य विनोदी चित्रपट २५ जून १९९३ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. ट्रायस्टार पिक्चर्सने वितरित केलेल्या या चित्रपटात टॉम हँक्स आणि मेग रायन यांच्या प्रमुख भूमिका आहेत. रेडिओवरील रात्रीच्या एका सल्ल्याच्या कार्यक्रमात लहान मुलाने केलेल्या फोनमुळे देशाच्या दोन टोकांना राहणारी, एकमेकांना सर्वस्वी अनोळखी असलेली दोन माणसे जोडली जातात, असे त्याचे कथासूत्र आहे. प्रेमकथेचे नायक-नायिका जवळजवळ संपूर्ण चित्रपटभर एकमेकांना भेटत नाहीत आणि तरीही प्रेक्षकाचे लक्ष त्यांच्या भेटीवरच खिळून राहते. या रचनेमुळे हा चित्रपट त्याच्या प्रकारात वेगळा ठरला.

सॅम बाल्डविन (हँक्स) हा शिकागोतील वास्तुविशारद. पत्नी मॅगी कर्करोगाने वारल्यावर आठवणींनी भरलेले ते शहर सोडून तो आठ वर्षांच्या जोनाह या मुलासह (रॉस मॅलिंजर) सिॲटलला येतो आणि तेथील तळ्यावरच्या एका हाउसबोटीत राहू लागतो. पत्नीच्या मृत्यूला दीड वर्ष होत आले तरी त्याची झोप उडालेलीच आहे. नाताळच्या आदल्या रात्री जोनाह डॉ. मार्शा फील्डस्टोन या मानसतज्ज्ञ निवेदिकेच्या कार्यक्रमाला फोन लावतो आणि बाबांना नवी बायको हवी आहे, असे साऱ्या देशाला ऐकू जाईल अशा रीतीने सांगून टाकतो. प्रारंभी चिडलेला सॅम हळूहळू बोलता होतो. त्याच वेळी बाल्टिमोरहून वॉशिंग्टनकडे गाडीने निघालेली ॲनी रीड (रायन) ही वार्ताहर हे संभाषण ऐकत असते. काही तासांपूर्वीच तिने माहेरच्या मंडळींसमोर वॉल्टर (बिल पुलमन) या सज्जन, सतत कसल्या ना कसल्या ॲलर्जीने बेजार असलेल्या गृहस्थाशी लग्न ठरल्याचे जाहीर केलेले असते. आजीचा लग्नाचा पोशाख अंगावर चढवून पाहताना तो फाटतो तेव्हाच पुढे काय होणार याची कुणकुण प्रेक्षकाला लागते. सॅमचा आवाज मात्र ॲनीच्या मनातून जात नाही. ती त्याला पत्र लिहिते, ते टाकावे की नाही या विचारात राहते आणि शेवटी तिची मैत्रीण व संपादिका बेकी (रोझी ओडॉनल) परस्पर ते टपालात टाकते. व्हॅलेंटाइन दिनी न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या माथ्यावर भेटावे, असा प्रस्ताव त्या पत्रात आहे. सॅमला त्यात रस नसतो. मुलाला मात्र हीच बाई हवी असते. तो जेसिका (गॅबी हॉफमन) या चुणचुणीत मैत्रिणीच्या मदतीने विमानाचे तिकीट काढून एकटाच न्यूयॉर्क गाठतो आणि त्याच्या पाठोपाठ धास्तावलेला बाप.

या कथेत रेडिओ हे केवळ दोघांची गाठ घालून देणारे निमित्त नाही. श्रोत्यांचे फोन घेऊन त्यांच्या खाजगी अडचणींवर थेट प्रक्षेपणात सल्ला देणारे मानसतज्ज्ञ ही १९७० आणि १९८० च्या दशकांत अमेरिकन रेडिओवर रुजलेली प्रथा होती. असा कार्यक्रम रात्री ऐकणारा माणूस बहुधा एकटा असतो. तो गाडी चालवत असतो, स्वयंपाकघरात बसलेला असतो किंवा अंथरुणावर कूस बदलत असतो. पडद्यावर दिसते तेही हेच. ॲनी एकटी गाडीत आहे, वाटेतल्या खानावळीत ती थांबते तर तिथल्या बायकाही त्याच कार्यक्रमाबद्दल बोलत असतात आणि घरी परतल्यावर रात्री ती पुन्हा रेडिओपाशी बसते. फोन करणाऱ्याचे नाव उघड न करता त्याला एखादे टोपणनाव द्यायचे या रिवाजातून डॉ. मार्शा सॅमला ‘सिॲटलमधला निद्रानाश झालेला’ अशा अर्थाचे जे नाव देते, तेच चित्रपटाचे शीर्षक झाले. स्वतः डॉ. मार्शा पडद्यावर दिसण्यापेक्षा ऐकूच अधिक येते, तिला आवाज दिला आहे कॅरोलाइन ॲरन या अभिनेत्रीने. विशेष म्हणजे तिचा कार्यक्रम शिकागोहून प्रक्षेपित होतो, म्हणजे सॅम ज्या शहरातून पळून आला त्याच शहरातून त्याचे दुःख पुन्हा देशभर पसरते. मुद्दाम योजलेला हा विरोध पटकथेत कोठेही अधोरेखित केलेला नाही, हे तिचे बळ मानावे लागेल.

फोनवर सॅम आपल्या पत्नीबद्दल जे बोलतो त्यात सौंदर्याचे किंवा गुणांचे वर्णन नाही. गाडीतून उतरताना तिचा हात हातात घेतला तेव्हाच आपल्याला कळून चुकले, असे तो सांगतो आणि त्या अनुभवाला शब्द शोधत ‘जादू’ म्हणतो. तोच शब्द त्याच क्षणी गाडीत बसलेल्या ॲनीच्याही ओठांवर येतो. त्याआधी ॲनीच्या आईनेही आपल्या लग्नाची हकिकत सांगताना हातात हात आल्याच्या क्षणाचा उल्लेख केलेला असतो. शेवटी एम्पायर स्टेटच्या माथ्यावर सॅम हात पुढे करतो तेव्हा प्रेमाची कबुली देणारे एकही वाक्य लिहावे लागत नाही, कारण त्या हाताचा अर्थ प्रेक्षकाच्या मनात आधीच दोनदा पेरला गेलेला असतो. केवळ कानांवर विसंबून सुरू झालेली गोष्ट स्पर्शाने संपते.

मूळ कथा जेफ आर्च यांची. तिचा सूर बराच गंभीर आणि भावुक होता. पुढे डेव्हिड एस. वॉर्ड यांनी तिच्यावर हात फिरवला आणि त्यानंतर पुनर्लेखनासाठी आलेल्या एफ्रॉन यांच्याकडेच अखेरीस दिग्दर्शनही सोपवण्यात आले. त्यांचा दिग्दर्शिका म्हणून हा दुसराच चित्रपट होता. लेखिका म्हणून मात्र १९८९ मधील ‘व्हेन हॅरी मेट सॅली’मुळे त्यांचे नाव झालेले होते. आईवडील दोघेही पटकथालेखक असल्याने चुरचुरीत संवाद हा त्यांच्या घरचाच वारसा म्हणावा लागेल. बहीण डीलिया यांचाही संवादांना हातभार लागला. पटकथेचे श्रेय आर्च, वॉर्ड आणि नोरा एफ्रॉन या तिघांना आहे. गॅरी फॉस्टर हे निर्माते.

चित्रपटाचे दुसरे मोठे सूत्र म्हणजे जुन्या सिनेमाशी असलेला त्याचा संवाद. लिओ मॅकॅरी यांचा ‘ॲन अफेअर टू रिमेंबर’ (१९५७) हा कॅरी ग्रँट आणि डेबोरा कर यांचा चित्रपट यातली स्त्रीपात्रे पुन्हा पुन्हा पाहतात आणि रडतात. त्यातही प्रेमिकांची भेट एम्पायर स्टेट बिल्डिंगवरच ठरलेली असते आणि ती अपघातामुळे चुकते. तो चित्रपटसुद्धा मॅकॅरी यांनी स्वतःच्याच १९३९ मधील ‘लव्ह अफेअर’वरून पुन्हा बनवलेला होता, त्यामुळे ही भेट तिसऱ्यांदा पडद्यावर येत होती. एफ्रॉन यांनी ही उसनवारी लपवली नाही, उलट तिलाच विनोदाचा विषय केले. ॲनीला प्रेमात पडायचे नसून सिनेमातल्यासारखे प्रेमात पडायचे आहे, असे बेकी तिला तोंडावर ऐकवते. सॅमची बहीण सूझी (हँक्स यांच्या पत्नी रीटा विल्सन) त्या जुन्या चित्रपटाची गोष्ट सांगता सांगता हुंदके देऊ लागते, तर तिची थट्टा करण्यासाठी सॅम आणि मेहुणा ग्रेग (व्हिक्टर गार्बर) ‘द डर्टी डझन’ या युद्धपटाच्या शेवटाने आपल्यालाही कसे रडू कोसळते याचे सोंग आणतात. बायकांचे सिनेमे आणि पुरुषांचे सिनेमे ही विभागणी तेव्हाच्या प्रेक्षकांना ओळखीची होती. हा प्रसंग तिला जपतही नाही आणि मोडतही नाही, नुसता हसतो. चित्रपटातील सर्वांत मोकळा विनोद येथे आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

छायाचित्रण स्वेन नीकविस्त यांचे आहे. दिग्दर्शक इंगमार बर्गमन यांचे दीर्घकाळचे सहकारी असलेले आणि ‘क्राइज अँड व्हिस्पर्स’ व ‘फॅनी अँड अलेक्झांडर’ यांसाठी ऑस्कर मिळवलेले हे स्वीडिश छायाचित्रकार एका हलक्याफुलक्या अमेरिकन प्रेमकथेकडे वळावेत याचे नवल वाटते. मात्र पावसाळी शहराचा निळसर-करडा उजेड, रात्रीचे पाणी आणि खिडक्यांतला पिवळा दिवा यांतून सॅमचे एकाकीपण बोलू लागते ते त्यांच्यामुळेच. बहुतांश चित्रण सिॲटल परिसरात झाले. लेक युनियन या तळ्यावरील हाउसबोट, पाइक प्लेस बाजारातील अथीनियन उपाहारगृह आणि अल्काय किनारा ही ठिकाणे त्यात दिसतात. ॲनीच्या घराभोवतीचा भाग बाल्टिमोरमधील फेल्स पॉइंटचा आहे. एम्पायर स्टेट बिल्डिंगवरील निरीक्षण गच्ची मात्र खरी नाही. तिचा देखावा सिॲटलमध्येच, सँड पॉइंट येथील नौदलाच्या विमाने ठेवण्याच्या जुन्या शेडमध्ये उभारला होता.

पार्श्वसंगीत मार्क शेमन यांचे असले तरी चित्रपटाची ओळख बनली ती निवडक जुन्या गाण्यांमुळे. जिमी ड्युरांटी यांच्या खरखरीत आवाजातले ‘ॲज टाइम गोज बाय’ सुरुवातीलाच ऐकू येते आणि शेवटही त्यांच्याच आवाजातील ‘मेक समवन हॅपी’ने होतो. मधल्या प्रवासात नॅट किंग कोल, जीन ऑट्री, टॅमी वायनेट, जो कॉकर आणि कार्ली सायमन येऊन जातात. सेलिन डिऑन व क्लाइव्ह ग्रिफिन यांचे ‘व्हेन आय फॉल इन लव्ह’ हे जुन्या गाण्याचे नवे रूप तेव्हा फार गाजले. गीतसंग्रह ‘बिलबोर्ड’ या अमेरिकन संगीत-नियतकालिकाच्या अल्बम-यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. ही गाणी एकामागून एक अशी येतात की चित्रपट स्वतःच रात्रीच्या रेडिओ कार्यक्रमासारखा भासू लागतो.

हँक्स आणि रायन याआधी ‘जो व्हर्सेस द व्होल्केनो’ (१९९०) मध्ये एकत्र आले होते. येथे मात्र ते एका चौकटीत क्वचितच दिसतात. विमानतळावर सॅमची नजर ॲनीवर पडते, नंतर हाउसबोटीसमोरच्या रस्त्यापलीकडून दोघे एकमेकांना पाहतात आणि एवढ्यावरच शेवटच्या दृश्यापर्यंत भागवावे लागते. त्यामुळे दोघांनाही समोर कोणी नसताना प्रेम अभिनित करावे लागले. रायन यांच्या वाट्याला ऐकण्याचा अभिनय अधिक आला आणि गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून, डोळे पाणावत जाणारा तो चेहरा हीच त्यांची या चित्रपटातील सर्वोत्तम कामगिरी होय. वॉल्टरच्या भूमिकेत पुलमन यांनी खलनायक न होता नाकारला जाणारा माणूस उभा केला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमधील रेनबो रूम या उपाहारगृहात ॲनी त्याला सारे सांगते तेव्हा तो ज्या समजूतदारपणे बाजूला होतो, त्यामुळे तिची सुटका जरा जास्तच सोपी होते.

सुमारे २ कोटी १० लाख डॉलर खर्चून तयार झालेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे २२ कोटी ७० लाख डॉलरांचा व्यवसाय केला. मूळ पटकथा आणि मूळ गीत (‘अ विंक अँड अ स्माइल’) या दोन विभागांत त्याला ऑस्करची नामांकने मिळाली. पटकथेचा पुरस्कार ‘द पियानो’ला गेला. गीताचा पुरस्कार ‘फिलाडेल्फिया’तील गाण्याने पटकावला आणि योगायोगाने त्याच ‘फिलाडेल्फिया’साठी हँक्स यांना उत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने २००८ मध्ये जाहीर केलेल्या दहा सर्वोत्तम प्रणयरम्य विनोदी चित्रपटांच्या यादीत याला दहावे स्थान आहे.

काळाच्या ओघात चित्रपटावर आक्षेपही घेतले गेले. ॲनी वृत्तपत्राची साधने वापरून सॅमची माहिती काढते, खाजगी गुप्तहेराकडून त्याची छायाचित्रे मिळवते आणि लेखाच्या निमित्ताने सिॲटलला जाऊन त्याला दुरून न्याहाळते. हेच एखाद्या पुरुषाने केले असते तर ते प्रेम ठरले असते की पाळत, असा प्रश्न विचारला जातो आणि तो गैरलागू नाही. पटकथेला याची थोडी जाणीव दिसते, कारण ॲनीचे हे उद्योग तिच्या स्वतःच्या डोळ्यांतही वेडेपणाचेच आहेत. तरीही अखेरीस तिला त्याची काहीच किंमत मोजावी लागत नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये एनबीसी वाहिनीवर ‘फ्रेझर’ ही मालिका सुरू झाली. तिचा नायक सिॲटलमध्ये राहून रेडिओवरून सल्ला देणारा मनोविकारतज्ज्ञ होता आणि त्याच्या भावाची भूमिका डेव्हिड हाइड पिअर्स यांनी केली, ज्यांनी या चित्रपटात ॲनीच्या भावाचे काम केले होते. एफ्रॉन, हँक्स आणि रायन हे तिघे १९९८ मध्ये ‘यू हॅव गॉट मेल’साठी पुन्हा एकत्र आले. तोही एका जुन्या चित्रपटावर, ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’वर (१९४०), आधारलेला असून त्यातही अनोळखी माणसे दुरूनच प्रेमात पडतात, फक्त रेडिओची जागा ई-मेलने घेतली आहे. ‘स्लीपलेस’चे संगीतनाट्यरूप २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील पॅसडीना प्लेहाउसमध्ये रंगमंचावर आले आणि नव्या गाण्यांसह केलेले वेगळे रूप २०२० मध्ये लंडनच्या वेम्बली पार्कमधील ट्रुबडोर नाट्यगृहात सादर झाले. लेक युनियनवरील ती हाउसबोट खाजगी मालकीची असून तळ्यातून फिरणाऱ्या पर्यटक नौका ती आजही दुरून दाखवतात.